एकोणीस वर्षांचे मामेसासरे

माझ्या सासूबाईंना एखाद्या गोष्टीला नाही म्हणायचं असलं, की त्या नाही म्हणत नाहीत, कारण देतात. आणि खरं कारण सांगायचं नसलं, की भरपूर कारणं देतात.

मी शहर बसच्या आगारात वेळापत्रकं आखते. कुठली बस कुठून कधी सुटेल, कुठल्या चालकाला जेवायला कधी सवड मिळेल, एकाच थांब्यावर दोन बस एकमेकींच्या अंगावर येणार नाहीत हे कसं जमवायचं, हे माझं काम. असं काम करून करून माणसाचा स्वभाव कसा होतो ते माझा नवरा तुम्हाला सांगेल. त्याला मी अंघोळीचीही वेळ लावून दिली आहे असं तो चारचौघांत सांगत असतो, आणि ते साफ खोटंही नाही. तर मला दुसऱ्या शहरात बढती मिळत होती. तिकडे नवंकोरं आगार उघडत होतं आणि त्याचं सगळं वेळापत्रक मला पहिल्यापासून मांडायला मिळणार होतं. आजवर दुसऱ्यांनी मारून ठेवलेल्या गाठी सोडवत बसले होते. हे काम मला इतकं हवं होतं, की नुसत्या विचाराने माझी भूक उडाली होती.

नवऱ्याची काही अडचण नव्हती. तो दातांच्या कवळ्या बनवतो. "दात काय, सगळीकडेच पडतात," तो म्हणाला, आणि हत्यारं कुठल्या खोक्यात भरायची याच्या विचाराला लागला. गाडं अडलं ते सासूबाईंपाशी.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, गुडघे. तिकडचं घर वरच्या मजल्यावर, जिने कोण चढणार. मी तळमजल्यावरचं घर शोधलं. मग म्हणाल्या, तळमजल्याला ओल येते. मग गॅलरीतल्या कुंड्यांचा विषय निघाला. कुंड्या गाडीत घालून नेऊ म्हटलं, तर झाडांना प्रवास सोसत नाही. मग तिकडचं पाणी जड आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, पण कुणी ते आठवत नव्हतं. शेवटी एक दिवस जेवताना म्हणाल्या, "आणि माझी कवळी तिकडे बिघडली तर?" ज्याने ती कवळी बनवली तो त्यांच्या शेजारीच बसून जेवत होता.

"तुम्ही दोघं जा की. मी काय कुकुलं बाळ आहे?" हे प्रत्येक कारणाच्या शेवटी यायचं. पण त्यांना एकटं ठेवून जायचं नाही, यावर आम्हा नवराबायकोचं एकमत होतं. आमच्या घरात एकमत फारसं होत नाही, त्यामुळे झालेलं मोडायला मी तयार नव्हते. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मला हो की नाही ते कळवायचं होतं. 'नाही' कळवलं असतं, तर ते आगार दुसऱ्या कुणाला तरी मिळालं असतं, आणि त्या दुसऱ्या कुणाला मी ओळखून आहे. त्याच्या बस आजही एकामागोमाग एक तीन येतात आणि मग तासभर येत नाहीत.

दर बुधवारी दुपारी सासूबाई हुतात्मा कमानीकडे जातात. आमच्या घरापासून ती चालत जाण्याइतकी जवळ आहे. चार जाडजूड दगडी पाय, चारी बाजूंना उघडी, आणि आत उभं राहून मान वर केली की घुमटासारखं गोल छत. पूर्वी तिच्याखालून गाड्या जायच्या. आता त्या बाजूने वळवल्या आहेत, आणि खालून फक्त माणसं जातात. चारी पायांवर आतल्या अंगाला, देशासाठी गेलेल्यांची नावं वरपासून खालपर्यंत कोरली आहेत. वर्षातून एकदा मोठी मोठी माणसं येतात, बँड वाजतो, भाषणं होतात. एरवी तिथली दगडी पायरी दुपारच्या वेळी गार असते म्हणून लोक टेकतात, डबे खातात, आणि नावांकडे लक्ष गेलं की उगाच आवाज खाली आणून बोलतात.

त्यातल्या एका पायाच्या आतल्या कोपऱ्यात, अगदी खालच्या ओळीत, सासूबाईंच्या मोठ्या भावाचं नाव आहे. सीमेवर गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. परत काहीच आलं नाही, नाव तेवढं इथे लागलं. घरात या भावाचा एक फोटो आहे. मिसरूड नुकतंच फुटलेलं, कान चांगले मोठे, आणि आपण फार गंभीर दिसतोय असा गैरसमज. नात्याने ते माझे मामेसासरे. एकोणीस वर्षांचे मामेसासरे असलेली सून दुसरी कुठे सापडायची नाही.

सासूबाई ओलं फडकं घेऊन जातात, नाव पुसतात, पायरीवर बसतात आणि बऱ्याच वेळाने घरी येतात. जाताना चेहरा कसाही असो, येताना तो हलका झालेला असतो. मला वाटायचं, जरा शांत बसून येत असतील. आमच्या घरात तेवढीच एक गोष्ट मिळत नाही.

तर त्या बुधवारी आगारातल्या माझ्या कपाटाची किल्ली मोडली. अर्धी माझ्या हातात, अर्धी कुलपात. शिपाई म्हणाला, कमानीखाली चावीवाले बसतात, ते दुसरी करून देतील. मी कुलपातला तुकडा चिमट्याने ओढून काढला आणि किल्लीचे दोन्ही तुकडे रुमालात बांधून निघाले. कमानीत शिरल्याबरोबर सासूबाई दिसल्या. पलीकडच्या पायाशी, माझ्याकडे पाठ करून, भिंतीला नाक लावल्यासारख्या बसल्या होत्या. त्यांना त्रास नको म्हणून मी हाक मारली नाही. चावीवाले त्यांच्या बरोबर तिरक्या समोरच्या कोपऱ्यात बसलेले. साठीचे गृहस्थ, पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर किल्ली पकडायचा छोटा शेगडा, भोवती किल्ल्यांचे जुडगे. त्यांनी तुकडे जुळवून पाहिले, मला बाजूचं स्टूल दाखवलं आणि कानस चालवायला घेतली.

मी स्टुलावर बसून भिंतीला पाठ टेकली, आणि माझ्या कानात कुणीतरी म्हणालं, "दूध उतू गेलं ते गेलंच. वर मलाच म्हणते, गॅस तुम्ही बंद करायचा होता."

मी ताडकन उभी राहिले. आजूबाजूला कुणी नव्हतं. सासूबाई तिकडे लांब, पाठमोऱ्या. आवाज मात्र त्यांचाच, आणि इतका जवळून, की त्या माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बोलत असाव्यात.

चावीवाल्यांनी मान वर केली नाही. "आज बुधवार," ते म्हणाले.

"हे काय आहे?"

"छत गोल आहे ना. त्या कोपऱ्यात भिंतीशी तोंड करून बोललं, की आवाज वरून फिरून या कोपऱ्यात उतरतो. दुसरीकडे कुठे नाही, फक्त इथे. मधून जाणाऱ्याला काही कळत नाही." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मोडलेल्या किल्लीकडे पाहिलं, मनगटावरच्या दोन घड्याळांकडे पाहिलं. एक बंद पडलं तर असावं म्हणून मी दोन घालते. "म्हणजे तुम्हीच सूनबाई," ते म्हणाले.

आयुष्यात कधी न भेटलेला माणूस आपल्याला ओळखतो, आणि तेही आपल्या सासूच्या तोंडून, यासारखी अडचणीची जागा नाही. मी मानेनेच हो म्हटलं.

"दुधाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे," चावीवाले म्हणाले. "जो ओट्यापाशी उभा असेल त्याने बघायला हवं. पण नणंदेच्या लग्नाच्या वेळी तुमचं चुकलंच."

"तुम्ही हे सगळं ऐकता?"

"काय करू? कान आहेत." त्यांनी कानस खाली ठेवली. "सुरुवातीला त्या बोलायला लागल्या की मी मुद्दाम जोरजोरात घासायचो. ऐकू येऊ नये म्हणून. नुसत्याच किल्ल्या घासत बसायचो, गिऱ्हाईक नसलं तरी. मग एकदा म्हणाल्या, मुलाला ताप आहे, उतरत नाही. आणि उठून गेल्या. पुढचा बुधवार येईपर्यंत माझं कशात लक्ष लागेना. तेव्हापासून ऐकतो."

"त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर बोलायच्या थांबल्या असत्या. मग कुणाशी बोलतील?"

घरात आम्ही तिघं आहोत. त्यातला एक दिवसभर कवळ्या घासत असतो आणि एक घड्याळ बघत असते. मी पुन्हा स्टुलावर बसले. उठून जायला हवं होतं, पण किल्ली झाली नव्हती, आणि खरं सांगायचं तर उठवलं असतं तरी मी उठले नसते.

"सगळे जायचं म्हणतायत रे," भिंत म्हणाली. आवाज आता निराळा होता, तक्रारीचा नव्हता. "मला पण जायचंय. तिला तिकडे अख्खं आगार मिळतंय. बाईमाणसाला अख्खं आगार. मी तोंडावर नाही म्हणत, पण सगळ्या इमारतीत सांगून आले. पण तुला इथे एकट्याला टाकून कशी जाऊ? इतकुसा तू. कोण येणार तुझ्याशी बोलायला? त्यांना सांगितलं तर हसतील. नुसतं नाव आहे म्हणतील. गुडघ्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, आता माझ्याकडची कारणंही संपली. तू एकदा जा म्हण. तू जा म्हणालास की मी जाते."

मी वळून पाहिलं. सासूबाईंनी कान भिंतीला लावला होता आणि वाट बघत होत्या. चांगला वेळ तशाच बसल्या. मग फडकं घडी करून पिशवीत ठेवलं आणि गेल्या.

त्यावर मी नेहमी करते तेच केलं, चिडले. "एक अक्षर," मी चावीवाल्यांना म्हणाले. "एवढ्या वर्षांत एक अक्षर बोलायला काय झालं होतं? 'जा' म्हणायचं. संपलं."

"माझा आवाज साठीचा आहे, ताई," ते म्हणाले. "आणि तो पोरगा आहे." मग म्हणाले, "आणि आवाज तरुण असता तरी नसतं म्हटलं. आजवर नुसतं ऐकलं, म्हणून त्या समोरून गेल्या की मला त्यांच्याकडे बघता येतं." नवी किल्ली त्यांनी कपड्याने पुसून माझ्या हातात दिली. आगारात ती पहिल्या फटक्यात लागली.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. दुधाचं ऐकून तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. पुढचं ऐकून त्याच डोळ्यांतलं पाणी पुसत राहिला. "मला वाटायचं, आई तिथे नुसती बसते," तो म्हणाला.

आता खरं कारण कळलं होतं, आणि कळलंय असं दाखवायची सोय नव्हती. मी मूग गिळून बसायचं ठरवलं. ते दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी सासूबाई चहा गाळत म्हणाल्या, "दुधावर लक्ष ठेव गं," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इमारतभर माझं कौतुक करता आणि दुधासाठी मेलं इतकं."

सासूबाईंचा हात थांबला. "इमारतीतलं तुला कुणी सांगितलं?"

"तळमजल्यावरच्या काकूंनी."

"त्या तर महिनाभर लेकीकडे आहेत."

मी घाईघाईने दुधाकडे वळले. ते उतू जायला अजून बराच वेळ होता, पण मी गॅस बंद करून टाकला.

मार्ग नवऱ्याने काढला. सासूबाई नेहमी म्हणतात की त्याचा आवाज थेट मामावर गेलाय. म्हणजे बुधवारी त्याने चावीवाल्यांच्या कोपऱ्यात उभं राहायचं, आई 'तू जा म्हण' म्हणाली की भिंतीशी वाकून 'जा' म्हणायचं, आणि निघून यायचं. फसवणूक आहे हे दोघांनाही कळत होतं. पण आईलाच ऐकायचंय ना, असं तो म्हणाला, आणि शुक्रवार जवळ आला होता, म्हणून मीही कळत असून न कळल्यासारखं केलं.

त्याने सराव सुरू केला. कामाच्या खोलीतून दिवसभर 'जा' ऐकू यायचं. पहिल्या दिवशीचं 'जा' मांजराला हाकलल्यासारखं होतं. मी तसं म्हटल्यावर त्याने मऊ करून पाहिलं, तर ते आजाऱ्याला निरोप दिल्यासारखं झालं. "एकोणीस वर्षांच्या मुलासारखं म्हण," मी दारातून म्हटलं. "एकोणिसाव्या वर्षी मी काय बोलायचो?" त्याने विचारलं. काहीच बोलायचा नाही, असं सासूबाई सांगतात, नुसता खायचा. समोर मांडलेल्या कवळ्यांच्या रांगेकडे बघत तो पुन्हा 'जा' म्हणाला. ते बरं जमलं.

बुधवारी मी आगारातून सुट्टी घेतली. सासूबाई निघाल्या, त्यांच्या मागून जरा अंतर ठेवून आम्ही. त्या आपल्या कोपऱ्यात बसल्यावर आम्ही पायांच्या आडून चावीवाल्यांच्या कोपऱ्यात शिरलो. चावीवाल्यांनी आमच्याकडे पाहिलं, काय शिजतंय ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही. पण स्टूल रिकामं करून दिलं.

आधी नाव पुसण्याचा आवाज आला. मग खोकला. मग इमारतीतल्या दोन घरांच्या बातम्या. नवरा भिंतीशी वाकून उभा होता, परीक्षेला बसल्यासारखा घामाघूम.

"परवा ती 'नाही' कळवणार आहे," भिंत म्हणाली. "कळवलं की तोंड फुगवणार नाही, ते तिच्यात नाही. गप्प राहील. त्याचीच मला भीती वाटते. काय करू रे? जाऊ का? एकदा सांग ना."

मी नवऱ्याला कोपराने ढोसलं. त्याने श्वास घेतला, तोंड भिंतीजवळ नेलं, आणि म्हणाला, "आई."

इतके दिवस घोकलेलं एक अक्षर. तेही आलं नाही. आईचा आवाज कानाशी आला आणि त्याच्या तोंडून जे लहानपणापासून निघत आलंय तेच निघालं.

सासूबाई वळल्या नाहीत. मग भिंतीतून आवाज आला, अगदी स्वयंपाकघरातला. "तू इथे काय करतोयस? आणि तीही असेल शेजारी."

नवरा बाजूला झाला. आयुष्यात जिथे जिथे अवघड वेळ आली तिथे तिथे तो असाच बाजूला झालाय. मी पुढे होऊन वाकले. दगड गार होता आणि त्याला पावसापाण्याचा जुना वास होता.

"मी आहे, आई."

"कधीपासून?"

"मागच्या बुधवारपासून. दुधाचं ऐकलं."

"ते खरंच आहे."

"हो. मी फोनवर होते. गॅस मीच बंद करायला हवा होता."

हे मला ओट्यापाशी कधीच म्हणता आलं नसतं. समोर माणूस असला की मला आधी त्याचं चुकलेलं दिसतं. इथे समोर नुसती भिंत होती, आणि माणूस मात्र पार कानात. म्हणून मग मी थांबलेच नाही. "दुसरंही सांगते," मी म्हटलं. "तुम्ही आला नाहीत तर मी जाणार नाही. आणि गेले नाही तर मला वाईट वाटेल, खूप वाटेल, आणि मी गप्प राहीन. तुम्ही म्हणता तशीच. पण तुम्हाला इथे ठेवून गेले तर त्याहून वाईट वाटेल. तुमच्याशिवाय मला घर चालवता येणार नाही असं नाही. चालवावंसं वाटणार नाही. मला तुम्ही आवडता, आई. एवढी वर्षं सांगायला वेळ मिळाला नाही."

नवरा माझ्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"मला हसाल म्हणून बोलले नाही," मग भिंत म्हणाली. "तो मोठा माझ्याहून. माझ्या वेण्या ओढायचा, मला सायकलवर पुढे बसवायचा. पण मी म्हातारी झाले आणि तो तेवढाच राहिला. आता माझा नातू शोभेल एवढा दिसतो गं तो. मोठा भाऊ असता तर एक वेळ सोडून गेले असते. पोराला कसं टाकून जाऊ?"

हसण्यासारखं काहीच नव्हतं. तेवढ्यात चावीवाल्यांनी घसा खाकरला. "जरा सरकता, ताई?" असं म्हणत ते भिंतीशी वाकले.

"मावशी, मी चावीवाला. समोरच्या कोपऱ्यातला. मी पण ऐकतो."

यावर मात्र सासूबाई उठल्या. फडकं हातात तसंच घेऊन, गुडघ्यांची कुरकुर न करता, थेट कमानीच्या मधून चालत आल्या आणि पेटीपुढे उभ्या राहिल्या. त्यांना अशा चालत येताना मी फक्त एकदाच पाहिलंय, भाजीवाल्याने आत सडका माल घातला होता तेव्हा.

"कधीपासून?" त्यांनी चावीवाल्यांना विचारलं. सगळ्यांना त्या आज हेच विचारत होत्या.

"या तुमच्या घरी आल्या त्याच्याही आधीपासून."

सासूबाईंचे ओठ हलायला लागले. आपण काय काय बोलून गेलो याची उजळणी चालली होती. "म्हणजे माझ्या जावेचं?"

"ऐकलं."

"आणि याचे वडील गेले तेव्हा..."

"ते पण ऐकलं," चावीवाले हळू आवाजात म्हणाले. "त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं होतं."

"कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही. मला सगळं तुमचंच पटत आलं. दूध सोडून."

सासूबाई धपकन स्टुलावर बसल्या. चिडायचं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. मला त्यांची अवस्था कळत होती. आठवडाभरापूर्वी मीच त्या स्टुलावर तशी बसले होते.

चावीवाले उभेच होते. "मावशी, मी रोज इथे असतो," ते म्हणाले. "ऊन असो, थंडी असो. तुम्ही जा. बुधवारी मला फोन करा, जे असेल ते सांगा. मी त्या कोपऱ्यात जाऊन त्याला सांगत जाईन. नाव पण पुसेन. मला काही नवीन नाही, घरातली सगळी माणसं ओळखीची आहेत."

"तुम्हाला जमेल त्याच्याशी बोलायला?" सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब बिहेब म्हणाल. सलाम ठोकाल. तसलं त्याला वर्षातून एकदा भरपूर मिळतं."

"बघा तर."

"जा. बोलून दाखवा. मी इथे ऐकते."

चावीवाले सासूबाईंचं फडकं घेऊन पलीकडे गेले. पायरीवर बसले, पाठ केली. सासूबाईंनी आम्हा दोघांना मागे सारून कान भिंतीला लावला. मीही त्यांच्या डोक्याला डोकं लावून ऐकू लागले, कारण दुसरीकडे ते ऐकू येत नाही.

"नमस्कार," भिंत घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आपल्या बलिदानाला..."

"बघ, म्हटलं नव्हतं?" सासूबाई मला म्हणाल्या, आणि भिंतीशी तोंड नेऊन त्यांना दटावलं. "पोर आहे ते. पोराशी बोलतात तसं बोला. आणि बातमी सांगा काहीतरी. त्याला बातमी लागते."

"कसली बातमी सांगू? तुम्ही तर इथेच आहात."

"गेल्यावर पहिल्यांदा काय सांगाल, ते सांगा."

तिकडे चावीवाले जरा विचारात पडलेले दिसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग पुढे वाकले. आता आवाज घोगरा नव्हता. नुकत्याच झोपेतून उठलेल्या मुलाशी बोलावं तसे बोलले.

"बाळा, तुझी बहीण सुखरूप पोहोचली रे. आताच फोन आला होता. काळजी करू नकोस."

सासूबाई हलल्या नाहीत. माझ्या गालाला काहीतरी ओलं लागलं, तेव्हा कळलं. नवरा विचारत होता, काय म्हणाले, काय म्हणाले, त्याला मी हातानेच थांबवलं.

"आमच्या घराचं तेवढंच ऐकायचं राहिलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "आई माझी दारात बसून असायची, कुणी येऊन एवढं म्हणेल म्हणून. सुखरूप पोहोचला म्हणून. आता त्याला तरी ऐकायला मिळेल." मग त्यांनी नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात मला म्हणाल्या, "परवा कशाला, आजच कळव हो म्हणून. आणि घर तळमजल्याचं नको. ओल येते."

"गुडघे?"

"चढेन हळूहळू."

मी फोन काढला, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"थांब. आधी चावीवाल्यांना सांग, पुन्हा एकदा म्हणा," त्या म्हणाल्या.

मी वाकून भिंतीला सांगितलं. आम्ही तिघंही एकमेकांच्या डोक्याला डोकी लावून उभे राहिलो, आणि चावीवाल्यांनी पुन्हा एकदा त्याला सांगितलं.